मलंगच्या मागच्या वाटेवर पडलं तर फोन कुणाला लागणार?

भात झोडून झालं, पेंढा रचला, वाल टाकून बारा दिवस झाले आणि ओल यंदा चांगली आहे. त्याची नोंद पुढच्या आठवड्यात टाकतो. आजची नोंद सायकलची आहे. हसू नका, ती शेवटी आपल्या बांधावरच येणार आहे.

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला, पूर्वेला राहते. तिचा मुलगा ऐरोलीला कंपनीत आहे, कामाच्या वेळा उलटसुलट. त्याला डोंगरातल्या सायकलचा नाद. जाड टायर, पुढं शॉकॲब्सॉर्बर, डिस्क ब्रेक, वजन आपल्या जुन्या हर्क्युलिसच्या निम्मं असेल. रविवारी डोंबिवली-कल्याणची पोरं घोळक्यानं येतात, नेवाळी नाक्यावरून मांगरूळ, कुशिवली करत मलंगवाडीपर्यंत जातात, वडापाव खातात आणि परत फिरतात. पण भाच्याला सुट्टी मिळते मंगळवारी नाहीतर गुरुवारी. मग हा गडी पहाटे पाचला एकटाच निघतो. आणि डांबरी संपली की घोळक्यातली पोरं जिथून मागं फिरतात, तिथून ह्याची खरी सायकल सुरू होते. गडाच्या मागच्या अंगाला, ओढ्याच्या कडेनं, गुरांच्या वाटेनं.

ताईचा दिवाळीत फोन आला. "दादा, तो ऐकत नाय. एकटा जाऊ नको म्हटलं तर हसतो. आता म्हणतोय, पडलं की आपोआप फोन करणारं घड्याळ घेतो, मग तर काळजी नाय ना? तू जरा बघ, तुला त्यातलं कळतं." मला त्यातलं कळतं असं ताईला वाटतं, कारण गावात ई-पीक पाहणी निम्म्या लोकांची मीच करून देतो. माझं शिक्षण दहावी. पण वस्तू घेण्याआधी ती कशी चालते हे समजून घ्यायची खोड मला पहिल्यापासून आहे, मग तो फवारणीचा पंप असो नाहीतर घड्याळ.

एकटा कशाला जातोस, हे मी भाच्याला विचारलं नाही. आपण काय करतो? रात्रीची लाईट आली की दोन वाजता पंप चालू करायला एकटेच जातो. पॉवर टिलर एकटे फिरवतो, रानडुकरं राखायला माचावर एकटे बसतो. कोण म्हणतं तुम्हाला की चारजण मिळाले तरच शेतात जा? त्यामुळं एकटं जाणं बंद करा, हा उपाय मला पटत नाही. एकटा पडला तर कळणार कसं आणि कोण येणार, एवढाच प्रश्न आहे.

तर पहिलं, ही यंत्रं ओळखतात कशी. फोन आडवा केला की पडदा आडवा होतो ना, ती ज्या चिपमुळं होतो तिला ॲक्सिलरोमीटर म्हणतात. वेग किती झटक्यात बदलला ते ती मोजते. आपण नुसते उभे असलो तर पृथ्वीच्या ओढीमुळं ती १ जी दाखवते. जोरात आपटलं की हा आकडा क्षणभर कुठच्या कुठं जातो. ॲपलनं २०२२ साली आयफोन १४ काढला तेव्हा त्यात २५६ जी पर्यंत मोजणारी चिप घातली. शिवाय किती गरकन फिरलं ते सांगणारा जायरोस्कोप, जीपीएसवरचा वेग, गाडीतली एअरबॅग फुटली की आतला हवेचा दाब बदलतो तो, आणि आपटल्याचा आवाज, हे सगळं मिळून फोन ठरवतो की अपघात झाला. मग वाजायला लागतो. वीस सेकंदांत तुम्ही काही केलं नाही तर आपोआप इमर्जन्सीचा नंबर लावतो.

आता इथं नीट लक्ष द्या. हे सगळं चारचाकीसाठी आहे. कंपनीच सांगते की हे मोटारीच्या मोठ्या अपघातासाठी आहे. गुगलच्या पिक्सेल फोनमध्येही अशी सोय आहे, ती २०२३ मध्ये भारतात चालू झाली, पण तिचं नावच कार क्रॅश डिटेक्शन. आपल्यातले जे दुधाचे कॅन बांधून मोटारसायकलवर कल्याणला जातात आणि महागडा फोन खिशात आहे म्हणून निर्धास्त आहेत, त्यांनीही हे ऐकून ठेवा. मोटारीत फोन आपटतो तो गाडीबरोबर. दुचाकीवरून माणूस एकीकडे उडतो, फोन दुसरीकडे.

डोंगरातल्या सायकलचं तर आणखी वेगळं. ती चांगली चालत असतानाच दणके खात असते. दगडावरून दोन फूट खाली उडी मारली तरी झटका बसतो, करकचून ब्रेक मारला तरी बसतो. यंत्र नाजूक ठेवलं तर दर उताराला बोंबलणार, निबर ठेवलं तर खऱ्या वेळेला गप्प बसणार. अमेरिकेत आयफोन १४ नवा आला त्या वर्षी ओहायोतल्या जत्रेच्या मोठ्या पाळण्यांमध्ये बसलेल्यांचे फोन पोलिसांना आपोआप लागायला लागले. पुढं हिवाळ्यात कोलोरॅडोच्या बर्फात घसरगुंडी खेळणाऱ्यांचे. तिथल्या कंट्रोल रूमच्या लोकांचा जीव मेटाकुटीला आला. कंपनीनं नंतर सुधारणा केल्या, पण मुद्दा समजला असेल.

आणि याच्या उलटही होतं. खरी दुखापत पुष्कळदा अगदी हळू पडून होते. आपल्याकडं बैलगाडीच्या जोत्यावरून उतरताना पाय मुरगळून खुबा मोडलेली माणसं आहेत. झटका केवढा? काहीच नाही. यंत्र धक्का मोजतं, हाड मोडलं का ते मोजत नाही.

मागच्या पावसाळ्यात हेच पाहिलं. लावणी उरकून आठेक दिवस झाले होते. आमच्या वरच्या बाजूला बेननीला निघालेल्या बायका धावत आल्या की मोरीखाली एक पोरगा पडलाय. जाऊन बघतो तर सायकलवाला, तिशीच्या आतला. मोरीच्या कडेला चिखलात पुढचं चाक रुतलं आणि हा चालण्याच्या वेगानं हँडलवरून खाली गेला. चार-पाच फूट. हासळी मोडली होती आणि डोकं बधिर, नाव विचारलं तर दोनदा वेगवेगळं सांगितलं. हेल्मेटला चीर गेली होती, म्हणून डोकं शाबूत. किती वेळ पडला होता ते त्यालाही सांगता येईना, पण अंगावरचं रक्त सुकलं होतं. मनगटावर चांगलं घड्याळ होतं. ते त्याचे ठोके मोजत होतं, अगदी व्यवस्थित, पण कुणाला सांगत नव्हतं. फोन पाठीवरच्या पिशवीत. काढला तर कुलूप लावलेला आणि वर नेटवर्कची एक काडी नाही.

आम्ही भाताची ताडपत्री आणली, दोघांनी मान आणि डोकं एका रेषेत धरलं, चौघांनी ताडपत्री उचलली आणि डांबरीपर्यंत नेला. तिथून टेम्पो, तिथून सरकारी दवाखाना. वाटेत फोनला रेंज आली आणि तो वाजायला लागला. "आई" असं नाव आलं. उचलला मी. त्या बाईंना काय सांगायचं ते मला सुचेना, म्हटलं, मुलगा बोलतोय, श्वास नीट आहे, तुम्ही अमुक दवाखान्यात या. पोरगा बरा झाला, दिवाळीत मिठाई घेऊन येऊन गेला. पण ताईचा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो पडदा होता, कुलूपवाला.

म्हणून भाच्याला सांगितलं, घड्याळ घेण्याआधी एक दिवस माझ्याबरोबर चल. तो सायकल ढकलत आणि मी काठी घेऊन, अशी ती सगळी वाट आम्ही पायी चाललो. त्याच्याकडं एका कंपनीचं सिम, माझ्याकडं दुसऱ्या, आणि शेजारच्या पोराचा तिसऱ्या कंपनीचा फोन मागून घेतला. दर शे-दोनशे पावलांवर थांबायचं, तिन्ही फोन बघायचे आणि वहीत लिहायचं. मातीचा नमुना घेताना आपण शेतात नागमोडी फिरतो ना, तसंच. पहिल्या टेकाडापर्यंत तिन्ही चालू. वडाच्या पुढं दोन. ओढ्यात उतरलं की तिन्ही बंद, आणि ते पुढं जवळपास अर्धा तास चालेपर्यंत बंदच. खिंडीत चढलं की माझा फोन एकदम जिवंत, चार मेसेज धडाधड आले. कारण सोपं आहे. टॉवर सगळे नेवाळीच्या बाजूला, गडाचा कातळ मधे आला की त्याच्या सावलीत काही पोचत नाही. चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंद, पेबपर्यंत ही सगळी रांग अशीच आहे, एका अंगाला शहराचा उजेड दिसतो आणि दुसऱ्या अंगाला फोन मुका.

इथं एक घोळ बऱ्याच लोकांच्या डोक्यात असतो. जीपीएस चालतं म्हणजे फोन चालतो असं नाही. जीपीएसला टॉवर लागत नाही. उपग्रह आकाशातून बोलतात, फोन नुसतं ऐकतो आणि मी कुठं उभा आहे ते काढतो. पण ते दुसऱ्याला सांगायचं तर टॉवर पाहिजे. ई-पीक पाहणी करताना आपण हेच करतो. शेतात उभं राहून फोटो काढतो, अक्षांश-रेखांश पकडले जातात, पण माहिती जाते गावात रेंजमध्ये आल्यावर. पिकाच्या फोटोला चार तास उशीर झाला तर काही बिघडत नाही.

भाच्याला हे त्या ओढ्यात उभं राहून सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला. त्याच्या मोबाईलमध्ये यादी होती, काय काय घेता येईल त्याची. आम्ही तिथंच दगडावर बसून ती एकेक करून बघितली.

त्याचा फोन आयफोन १३. त्यात ती अपघात ओळखायची सोय नाही, ती १४ पासून. नवा फोन घ्यावा का? आमचं उत्तर नाही, कारण वर सांगितलं तेच, ती मोटारीसाठी.

ॲपलचं घड्याळ. यात अपघाताच्या सोयीशिवाय पडणं ओळखायची वेगळी सोय आहे, फॉल डिटेक्शन. ती २०१८ पासून आहे आणि २०२१ मध्ये सायकल चालवतानाच्या पडण्यासाठी सुधारली. माणूस पडला की घड्याळ मनगटावर टकटक करतं, वाजतं, ठीक आहेस का विचारतं. मिनिटभर माणूस हललाच नाही तर तीस सेकंद उलटे मोजतं आणि इमर्जन्सीला फोन लावतं. आपल्याकडं तो ११२ ला जातो, आणि मग तुम्ही नेमलेल्या माणसांना जागेसकट मेसेज जातो. वय ५५ च्या वर घातलं असेल तर ही सोय आपोआप चालू असते, त्याखाली स्वतः चालू करावी लागते. भाचा म्हणाला, "मामा, तुझ्यासाठी आधीच चालू आहे." बरं, असो. पण साध्या मॉडेलला स्वतःचं सिम नसतं, ते फोनवरूनच बोलतं, म्हणजे फोन जवळ पाहिजे आणि फोनला रेंज पाहिजे. अँड्रॉइडवाल्यांना हे घड्याळ चालत नाही. त्यांच्यासाठी सॅमसंगच्या घड्याळात पडणं ओळखायची सोय आहे.

गार्मिनचा सायकलच्या हँडलवर बसवायचा छोटा डबा. सायकलवाल्यांचा हा लाडका. रस्ता दाखवतो, चढ दाखवतो आणि पडल्याचंही ओळखतो. पण तो ११२ ला फोन करत नाही. तुमच्या ठरवलेल्या माणसांना फोनमार्फत मेसेज पाठवतो, तोही फोन ब्लूटूथनं जोडलेला असेल, फोनमधलं ॲप चालू असेल आणि इंटरनेट असेल तर. साखळीला एवढ्या कड्या. एक निसटली की संपलं. स्पेशलाइज्ड कंपनीचं हेल्मेटला लावायचं सेन्सर आहे, ते डोक्याला बसलेला धक्का आणि पिळा दोन्ही मोजतं. कल्पना मला आवडली, कारण डोकं कुठं गेलं ते डोक्यावरच्या वस्तूलाच चांगलं कळणार. पण बोलायला तेही फोनचंच तोंड वापरतं.

शेवटी भाचा म्हणाला, "मग उपग्रहावरून मेसेज करणारं यंत्र? परदेशात सगळे तेच नेतात." इथं मात्र मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं आणि तुम्हालाही सांगतो, कारण कुणाचा तरी अमेरिकेतला पोरगा येताना भेट म्हणून घेऊन येईल. थुराया, इरिडियमचे उपग्रह फोन आणि गार्मिनचं इनरीचसारखं यंत्र सरकारच्या परवानगीशिवाय बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईला याच यंत्रापायी अडकवलं होतं. आयफोनमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे, पण ती ठरावीक देशांत, आणि मी हे लिहितोय तोवर भारत त्यात नाही.

म्हणजे काय राहिलं? घड्याळ राहिलं, आणि तो अर्ध्या तासाचा मुका पट्टा राहिला.

आम्ही बराच वेळ बसलो. मग घड्याळ घ्यायचं असंच ठरलं, सिमवालं नाही, साधं. सिमवाल्याचे जादा पैसे रेंजच नसलेल्या ओढ्यात कशाला घालायचे? घड्याळ मनगटाला बांधलेलं असतं, पिशवीतल्या फोनसारखं दूर फेकलं जात नाही, ही त्याची खरी किंमत. वाटेचा जो निम्मा-अधिक भाग रेंजमध्ये आहे तिथं ते उपयोगी पडेल. मुक्या पट्ट्याचा बंदोबस्त वेगळा करायचा.

तो बंदोबस्त असा. भाचा वडापाशी आला की मला मेसेज टाकतो, "ओढ्यात उतरतो." खिंडीत चढला की दुसरा, "वर आलो." मधला वेळ त्याचा नेहमीचा पंचवीस मिनिटांचा. मी पाऊण तास धरतो. पाऊण तासात दुसरा मेसेज नाही तर मी फोन करतो. लागला नाही तर मी निघतो, आणि शेजारच्या पोराला घेऊनच निघतो. यात यंत्राला काही ओळखायचं नाही. पडलेला माणूस काही करू शकत नसेल तरी चालतं, कारण न आलेला मेसेजच निरोप असतो. वॉट्सॲपची लाइव्ह लोकेशन आठ तासांची लावून ठेवतो, तीही चालते. रेंज गेली की त्याचा ठिपका शेवटच्या जागी थांबतो, मग कुठून शोधायला सुरुवात करायची ते तरी कळतं.

आणि मोठा वाद झाला तो यावर, की घड्याळात नेमलेला माणूस कोण? त्यानं आधी ताईचा नंबर घातला होता. साहजिक आहे, आई. पण ताई डोंबिवलीत. शिळ रोडला मेट्रोचं काम आणि ट्रकांची रांग, रिक्षानं निघाली तर दीड तासानं पोचेल, आणि तेवढा वेळ रिक्षात तिच्या जिवाचं काय होईल? मी पंधरा मिनिटांत पोचतो. म्हणून पहिला नंबर माझा, दुसरा शेजारच्या पोराचा, कारण त्याच्याकडं टेम्पो आहे. ताईचा तिसरा. ताईला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बरं. पण तुझा फोन तू खिशात ठेवत जा, आंब्याला टांगून ठेवतोस." हे खरं आहे, मोटारीच्या घराजवळ रेंज नसते म्हणून मी फोन आंब्याच्या फांदीला टांगतो. आता गुरुवारी आणि मंगळवारी सकाळी मीच आंब्याखाली बसतो, कोयते पाजवतो, दोऱ्या वळतो. कामं काही कमी नसतात.

कुलपाचंही केलं. आयफोनला मेडिकल आयडी असतो, त्यात नाव, रक्तगट, औषधाची ॲलर्जी आणि घरच्यांचे नंबर भरले की कुलूप न उघडता इमर्जन्सीवर दाबून ते दिसतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंगात सेफ्टी अँड इमर्जन्सी बघा. गावातल्या बारा-तेरा जणांचं मी भरून दिलं, त्यात सात जणांना स्वतःचा रक्तगट माहीत नव्हता. शिवाय भाच्यानं हेल्मेटच्या आत कागदावर माझा नंबर लिहून वरून पारदर्शक टेप मारली. तो कागद मला घड्याळापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, त्याला चार्जिंग लागत नाही. एक शिट्टीही घेतली. ओढ्यात ओरडलेलं वर येत नाही, पाण्याचा आवाज खातो, शिट्टी मात्र माझ्या खळ्यापर्यंत ऐकू येते, आम्ही वाजवून बघितलं.

आपल्या बिनघड्याळवाल्यांसाठी दोन गोष्टी. सरकारच्या नियमानं १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलला मदतीचं बटण असायला पाहिजे. साध्या बटणाच्या फोनला ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनला चालू-बंदचं बटण पटपट तीनदा, हल्लीच्या बऱ्याच अँड्रॉइडला पाचदा. आपल्या फोनला कसं आहे ते सेटिंगात बघून ठेवा, गंमत म्हणून दाबून बघू नका, खराच ११२ लागतो. दुसरं, तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर ११२ लागू शकतो. पडद्यावर "इमर्जन्सी कॉल्स ओन्ली" येतं, त्याचा अर्थ तो. रेंज नाही म्हणून लावायचंच नाही असं करू नका.

१०८ ची गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि ती येते, पण डांबरीपर्यंत. फोनवर त्यांना अक्षांश-रेखांश सांगून भागत नाही, कुठल्या गावाच्या पुढं, कुठल्या मोरीपाशी, कोण उभा राहील, हे सांगावं लागतं. पुढं झोळी. मुरबाड-शहापूरच्या वाड्यांमधून पावसाळ्यात झोळीनं पेशंट आणल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. भाच्याच्या तीस हजारांच्या घड्याळानं ११२ ला फोन लावला, समजा लागलाही, तरी शेवटी त्याला उचलून आणणार ती भाताची ताडपत्रीच. म्हणून ती आता खळ्यावर नाही, घराच्या ओट्यावर घडी करून ठेवतो, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी.

त्या दिवशीच्या बायकांपैकी एकीनं मला नंतर विचारलं होतं, दादा, आपल्याला पोलीस बोलावतील का? ही भीती अजून आहे. मोटार अपघातात मदत करणाऱ्यावर कारवाई होऊ नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच तसं बजावलं होतं. हे कायद्याचं बोलणं बांधावर पोचलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

भाच्याचं घड्याळ येऊन तीन आठवडे झाले. एकदा खोटं वाजलं, उतारावर उडी मारल्यावर. हात ओला होता, पडद्यावर बोट घेईना, पँटला पुसून बंद करेपर्यंत गड्याची धांदल उडाली. पावसाळ्यात हे जास्त होणार, ओल्या बोटांचं पडद्याशी वाकडं असतं हे फवारणी करताना फोन उचलणाऱ्याला सांगायला नको. एकदा तो खरंच घसरला, कोपर खरवडलं, तर घड्याळ गप्प. आणि परवाच्या गुरुवारी वडापासचा मेसेज सहा वीसला आला, खिंडीचा आलाच नाही. सात पाचला मी फोन लावला, बंद. शेजारच्याला हाक मारली, ताडपत्री टेम्पोत टाकली, निघालो. ओढ्याच्या अलीकडे भाचा सायकल खांद्यावर घेऊन परत येताना दिसला. चेन तुटली होती. मला बघून म्हणाला, "मामा, तू खरंच आलास?" म्हटलं, पाऊण तास झाला होता ना. शेजारच्या पोरानं सायकल टेम्पोत टाकली. भाच्यानं ताडपत्रीकडं एकदा बघितलं आणि मग घरी पोचेपर्यंत काही बोलला नाही. घरी चहा झाला, वालाला फवारणी नको, मावा अजून दिसत नाही, एवढं बोलणं झालं आणि नऊच्या गाडीनं तो गेला. सायकल पडवीत आहे, चेन घेऊन मंगळवारी येतो म्हणालाय.